गोठ्याच्या खांबावर डेल्टा मायनस

कुणी काहीही म्हणो, अकरावीला रासायनिक बंध मी सावडीनंच शिकवते. देवळाली प्रवरात शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली. वर्गातली बहुतेक पोरं ऊसवाल्यांची, दारात ट्रॅक्टर, बैल बघितलेला तो पोळ्याला शेजाऱ्याच्या दारात. स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सरांनी एकदा चहा पिता पिता मला समजावलं, की मॅडम, मुलांना प्रवेश परीक्षा द्यायच्यात, त्यांच्यापुढं बैल कशाला उभे करता? मी म्हटलं, सर, तुम्ही रस्सीखेच उभी करता ती चालते, मग माझ्या बैलांनी तुमचं काय घोडं मारलंय? ते हसले नाहीत. मी अजून बैलच उभे करते.

सावड म्हणजे काय ते पोरांना आधी सांगावं लागतं. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी आपापला बैल घालून जोडी करतात आणि ती जोडी दोघांच्या रानात आळीपाळीनं चालते. हायड्रोजनकडं एक इलेक्ट्रॉन. क्लोरीनकडंही एक इलेक्ट्रॉन जोडीविना बसलेला. दोघं आपला एकेक घालतात, जोडी होते आणि ती दोघांची म्हणवते. पुस्तक याला सहसंयुज बंध म्हणतं. इथपर्यंत पोरं माना डोलावतात. मग मी विचारते, जोडी दोघांची आहे हे कबूल, पण ती उभी कुणाच्या गोठ्यात आहे? वर्ग गप्प बसतो. मीही सोळा वर्षांची होईपर्यंत अशीच गप्प बसले होते.

आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. जमीन अडीच एकर, तीही उतारावर ताली, म्हणजे दगडमातीचे बांध, घालून केलेल्या अरुंद पट्ट्या. तिथं ट्रॅक्टर वळत नाही. वळवायला गेला तर खालच्या तालीत जाऊन पडेल. वडील भोसरीला कंपनीत, दोन-दोन महिन्यांनी यायचे, त्यामुळं शेती सगळी आईच्या अंगावर. तिच्याकडं एक पांढरा बैल होता. वासरू असताना मामानं तिला दिलेला, तिनं पेंड चारून वाढवलेला. वडिलांच्या थोरल्या भावाला आम्ही पोरं तात्या म्हणायचो. त्यांच्या जोडीतला एक बैल म्हातारपणानं गेला आणि तांबडा एकटा राहिला. मग भावकीसमोर सावड ठरली: चार दिवस जोडी त्यांच्या रानात, चार दिवस आमच्या. वैरण ज्यानं त्यानं आपापल्या बैलाची घालायची. तात्यांनी पत्र्याचा नवा गोठा बांधला होता, म्हणून दोन्ही बैल तिथंच बांधायचे. सोयीचं पडेल म्हणाले. कुणाच्या सोयीचं, ते कुणी विचारलं नाही.

तात्यांचं काम असलं की दिवस उगवायला जोडी रानात. आमची पाळी आली की मग तांबडा लंगडतोय, आज अमावस्या आहे, जू मोडलंय, पाहुणे यायचेत. चाराचे दोन दिवस व्हायचे, दोनाचा एक. आई मात्र रोज डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन त्यांच्या गोठ्यात जायची आणि पांढऱ्याला घालून यायची. आपलाच बैल दुसऱ्याच्या दारात जाऊन चारायचा, आणि वर त्यांचं तोंड बघायचं. मला भयंकर चीड यायची. मी काही बोलायला गेले की आई म्हणायची, सावड हाय बाई, सारखीच असती, कधी खाली कधी वर. वडील फोनवर म्हणायचे, थोरले आहेत, जाऊ दे. आमच्या घरात 'जाऊ दे' जितक्या वेळा म्हटलं गेलं तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं गेलं नसेल.

मी तालुक्याच्या कॉलेजला अकरावी सायन्सला होते. पहिलीपासून मराठीत शिकलेली, आणि तिथं सगळं इंग्रजीत. पहिले दोन महिने सगळं डोक्यावरून गेलं. सर कोपरगावकडचे, तरुण, खडूनं पांढरे झालेले हात पँटीला पुसायचे. एक दिवस त्यांनी फळ्यावर हायड्रोजन काढला, क्लोरीन काढला आणि दोघांच्या बरोबर मधोमध दोन ठिपके दिले. मग ते ठिपके पुसले आणि पुन्हा काढले, क्लोरीनला जवळ. शेअर केले म्हणजे सारखे शेअर केले असं समजू नका, असं ते म्हणाले. जोडी दोघांची, पण क्लोरीनची ओढ जास्त, म्हणून ती त्याच्याकडं झुकलेली असते. या ओढीला इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी म्हणतात, मराठीत विद्युतऋणता. हायड्रोजनची दोन पॉइंट एक, क्लोरीनची तीन. मग त्यांनी क्लोरीनच्या डोक्यावर डेल्टा मायनस लिहिलं आणि हायड्रोजनच्या डोक्यावर डेल्टा प्लस. जोडी ज्याच्याकडं सरकली तो थोडासा ऋण, ज्याच्यापासून सरकली तो थोडासा धन. अशा बंधाला ध्रुवीय बंध म्हणायचं.

मला वर्गातच हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मुलीनं विचारलं, काय झालं ग? काय सांगणार तिला? आई ज्याला 'कधी खाली कधी वर' म्हणत होती ते कधीच वर नव्हतं. त्याला शास्त्रात नाव होतं, खूण होती, आणि ते आकड्यानं मोजता येत होतं. म्हणजे मी आगाऊ नव्हते आणि माझी नजर वाकडी नव्हती. घरी येताना एसटीत मी वहीच्या मागच्या पानावर त्या महिन्याचे दिवस आठवून लिहिले, जोडी कोणत्या दिवशी कुणाच्या रानात होती ते. सावड म्हणायची लाज वाटावी असं ते पान झालं.

त्या आठवड्यात मी आवर्तसारणी धान्य निवडावं तशी निवडली. ओळीत डावीकडून उजवीकडं गेलं की ओढ वाढते, कारण केंद्रकातला धन प्रभार वाढत जातो आणि बाहेरचं कवच तेच राहतं. रकान्यात वरून खाली आलं की ओढ घटते, कारण कवचांवर कवचं चढतात, केंद्रक लांब पडतं आणि मधले इलेक्ट्रॉन त्याची ओढ अडवतात. म्हणून एवढासा फ्लोरीन सगळ्यांत जोरात ओढतो, आणि थोराड सीझियम बिचारा ढिला. ओढ अंगापिंडावर नसते तर. हे वाचलं आणि मला माझं घर कळलं. आमचं केंद्रक भोसरीला, दोन महिन्यांनी येणारं, आणि मध्ये थोरल्याचा मान, भावकी, लोक काय म्हणतील अशी कवचांवर कवचं. तात्या रोज दारात उभे. जोडी त्यांच्याकडं सरकणार नाही तर काय?

परतीचा पाऊस पडून गेला आणि रानाला वापसा आला. जमीन ना ओली ना कोरडी, पेरायला अगदी जोगी झाली की तो वापसा. आमच्या हलक्या रानात तो फार तर आठवडाभर टिकतो. ज्वारी पेरायची होती. आमची वर्षाची भाकरी ती. पाळी आमची होती. आईनं पेरणीची पाभर धुऊन-पुसून दारात काढून ठेवली, बियाणं बांधलं आणि पहाटे गोठ्यात गेली, तर जोडी तात्यांच्या रानात निघून गेलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तात्यांनी निरोप पाठवला, माझं उरकू दे, मग तुझंच आहे. आई येऊन चुलीपुढं बसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं नुसती राख सारखी केली.

मी दप्तरातून खडू काढला. दुपार होती, सगळे रानात होते. तात्यांच्या गोठ्याच्या डांबर फासलेल्या खांबावर मी वीतभर डेल्टा काढला आणि शेजारी मायनस. घरी येऊन आमच्या रिकाम्या दावणीच्या खांबावर डेल्टा प्लस काढला. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून लिहिलं. लिहून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

हे छोटं ग्रीक अक्षर ज्यानं कधी पाहिलं नाही त्याला ते कसं दिसेल, याचा विचार मात्र मी केला नाही. वेटोळं घालून फणा काढलेला नाग दिसतो तो. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतीनं तो नाग बघितला, आणि शेजारची आडवी रेघ. त्यात नेमका तांबडा वैरणीला तोंड लावेना. आदल्या दिवशी ओला मका जास्त झाला होता, पोट फुगलं होतं, पण ते कोण बघतंय? तेवढ्यात शेजारच्यानं येऊन सांगितलं, असलाच नाग धाकटीच्या दारातही आहे, पण तिथं अधिकची खूण आहे. झालं. तात्यांच्या गोठ्यातलं वजा होऊन आमच्यात मिळावं म्हणून आईनं बाहेरचा भगत गाठून करणी केली, असं दुपारच्या आत गावभर झालं. आईला करणी करायला वेळ तरी कुठला? तिच्या डोक्यावरचा भारा उतरत नव्हता.

रविवार होता. चार वाजता भावकी भैरोबाच्या ओट्यावर बसली. तात्यांनी सांगितलं, की आता सावड तुटली. आणि पांढरा आपल्याच गोठ्यात राहणार, कारण वर्षभर तो आपल्या दारात बांधलाय, आणि करणी करणारीचा त्याच्यावर काय हक्क? लोक करणीवर बोलत राहिले, नाग कुठल्या दिशेला तोंड करून होता वगैरे. मला एवढंच ऐकू येत होतं, की आईचा बैल चाललाय. बैल गेला की पेरणी गेली, आणि पुढच्या वर्षी ती त्यांच्याच रानात रोजानं असणार.

मी ओट्यावर चढले आणि म्हणाले, ते मी लिहिलंय. आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग मी फरशीवर खडूनं दोन गोल काढले, तेच, कॉलेजातले. 'ही आई, हे तात्या,' मी म्हणाले. 'हे दोन ठिपके म्हंजी जोडी. जोडी दोघांची हाय. पर ठिपके कुनाच्या दारात हायेत ते बघा.' आणि वहीचं मागचं पान मी मोठ्यानं वाचलं. कोणत्या दिवशी जोडी कुठं, सगळं.

भावकीतले एक म्हातारे बाबा पुढं सरकले. त्यांना एकच कोडं पडलं होतं, की तात्याला जास्ती मिळतंय तर त्याच्याकडं वजाची खूण कशी? मी सांगितलं, इलेक्ट्रॉनचा स्वतःचा प्रभारच ऋण असतो, म्हणून जास्ती ज्याच्याकडं त्याला ऋणाची खूण. बाबा म्हणाले, म्हणजे सरकारी कागदासारखंच की, ज्याला मिळालं त्यानंच रडायचं. दोघं-तिघं हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, बैल म्हणजे काय ठिपका आहे का? प्रश्न रास्त होता, आजही माझी हुशार पोरं हाच विचारतात. मी म्हणाले, नाही, ठिपक्याला वैरण लागत नाही, बैलाला लागते, आणि पांढऱ्याची वैरण वर्षभर आई डोक्यावर आणून घालते, हे इथं बसलेल्या सगळ्यांनी बघितलंय.

कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही बंध ध्रुवीय असतात, पण ओढ दोन विरुद्ध बाजूंना सारखी, म्हणून अख्खा रेणू कुठंच झुकत नाही. भावकीचं तसं झालं. निम्मे तात्यांकडचे, निम्मे मनातून आमच्याकडचे, आणि बैठक जागची हलेना. शेवटी तात्याच म्हणाले, बास झालं, सावड तुटली म्हणजे तुटली. मी पुस्तकात पुढचा धडा वाचून ठेवला होता. म्हणाले, 'तुटायच्या दोन तऱ्हा असत्यात. एकीत ज्याचा त्यो घेऊन जातो. दुसरीत जास्त ओढनारा दोन्ही घेऊन जातो. तात्या दुसरी म्हनत्यात.'

चुलतभावानं वडिलांना फोन लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मागं मशीनची घरघर येत होती. मग म्हणाले, दादा म्हणेल तसं करा. दादा म्हणजे तात्याच. त्या क्षणी मला वडिलांचा जेवढा राग आला तेवढा तात्यांचा कधीच आला नव्हता. अजूनही पुरता गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

आई खाली बायकांत बसली होती. आमच्याकडं थोरल्या दिरापुढं बाई बोलत नाही. लग्न झाल्यापासून तात्यांनी तिचा आवाज ऐकला असेल तो भिंतीपलीकडून. ती उठली, पदर सारखा केला, तो तोंडावर ओढला नाही, आणि ओट्याजवळ आली. 'बैल माझ्या भावानं मला दिलाय,' ती म्हणाली. 'मी त्याला घेऊन चाल्ले.' आणि चालू लागली. तिच्या मागं मी, माझ्या मागं निम्मी भावकी. गोठ्यात जाऊन तिनं पांढऱ्याचं दावं सोडलं. गाठ घट्ट बसली होती, नखानं सोडावी लागली, पण एवढ्या माणसांत एकानंही हात पुढं केला नाही नि अडवलंही नाही. तात्या दारातून म्हणाले, एका बैलावर काय पेरशील? बैल घेऊन ती भर रस्त्यानं घरी आली.

क्लोरीनला कुणी समजावू शकत नाही. त्याची ओढ तीन ती तीनच, जन्मभर. माणसाचं तसं नाही. माणसाला तोंडावर सांगता येतं, आणि ऐकलं नाही तर आपला बैल सोडून आणता येतो. माझा बैलांचा दाखला इथं तुटतो, आणि मी वर्गातही तसं स्पष्ट सांगते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. पाभर ओढायला जोडी नव्हती, आणि वापसा आपल्यासाठी थांबणार नव्हता. आई खुरप्याचं टोक खुपसून भोक पाडायची, मी चार दाणे टाकून पायानं माती सारायचे. ज्वारी कुणी अशी हातानं टोकतं का? येणारे-जाणारे विचारायचेच. बैल बांधाला निवांत उभा आणि बायका वाकून वाकून मरताहेत, असं एक जण मोठ्यानं म्हणाला. आई म्हणाली, उभा राहू दे, आपल्या दावणीचा हाय. दिवसभरात एक पट्टी पुरी होत नव्हती. कंबर मोडली, माझ्या नखांतून रक्त आलं. पट्ट्या अकरा होत्या. सगळं रान काही होणार नव्हतं, हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं. तरी आईनं एकदाही तात्यांच्या रानाकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तात्या बांधावर आले. हातात तांबड्याचं दावं. त्याचं पोट कधीच बरं झालं होतं. तात्यांचंही निम्मं रान बिनपेऱ्याचं राहिलं होतं आणि त्यांच्याकडंही आता एकच बैल होता. ते थोडा वेळ आभाळाकडं बघत उभे राहिले, मग कुणालाच न म्हटल्यासारखं म्हणाले, वापसा चाललाय.

आई वाकलेलीच होती. भोक पाडता पाडता तिनं विचारलं, जोडी किती दिवस कुणाकडं? ठरलंय की, चार-चार, तात्या म्हणाले. बांधायची कुठं? आईनं तीन भोकं पाडली, मी दाणे टाकले. मग तात्या म्हणाले, ज्याची पाळी त्याच्या दारात.

आईनं कंबर सरळ केली. 'मला न्हाई, हिला सांगा,' ती म्हणाली. 'दिवस हिच्या ध्यानात ऱ्हात्यात.'

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. कोपरापर्यंत मातीनं भरलेली पुतणी, तिच्यापुढं बोलायचं म्हणजे त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. मला जरासुद्धा दया आली नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघत उभी राहिले.

'चार दिवस माझ्याकडं, चार तुमच्याकडं,' ते म्हणाले. 'ज्याची पाळी त्याच्या दारात.'

'आजपासनं कुनाची?' मी विचारलं.

'तुमची.'

आईनं खुरपं मातीत रोवलं आणि मला म्हणाली, जा, पाभर घेऊन ये.